गंजलेल्या नळीची गोष्ट

दिवाळी अंकात चकलीच्या कृतीशेजारी गंजाचा विषय काढावा, हे आमच्या संपादकांना फारसे रुचलेले नाही. "निदान सणाच्या अंकात तरी काही चकचकीत लिहा हो," असे ते म्हणाले. पण वाचकहो, वर्षभर या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जुन्या मोटारींची रडगाणी पुष्कळ असतात, आणि नेमक्या याच सुट्टीत मंडळी म्हातारीकोतारी, पोरेबाळे नि फराळाचे डबे गाडीत भरून घाट चढायला निघतात. तेव्हा चकचकीत लेख शेजारच्या पानावर वाचावा. आम्ही आपले गंजाकडे वळतो.

गोष्ट गेल्या दिवाळीची. आमचे दाजी माहीमला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्याकडे २००६ सालची एक परदेशी बनावटीची टर्बो पेट्रोल गाडी आहे. पंधरा वर्षे पुरी झाली तेव्हा, २०२१ साली, त्यांनी हौसेने पुन्हा नोंदणी करून घेतली. गाडीवर त्यांचा जीव आहे. ताईचे म्हणणे असे की तेवढा जीव त्यांनी गच्चीच्या गळतीवर लावला असता तर पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागल्या नसत्या. असो.

या गाडीला अलीकडे तहान लागू लागली होती. दर आठ-दहा दिवसांनी कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली जाई आणि दाजी अर्धा लिटर पाणी ओतीत. गंमत अशी की गाडीखालची फरशी कोरडी ठणठणीत. थेंब नाही की डाग नाही. मग पाणी जाते कुठे? एका गॅरेजवाल्याने बाटलीचे झाकण बदलले. दुसऱ्याने रेडिएटरच नवा घातला. तिसऱ्याने मान हलवून सांगितले, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन उघडावं लागेल." त्याने सांगितलेला आकडा ऐकून दाजींनी गाडी भंगारात काढण्याचा विचार प्रथमच मनात आणला, आणि ताईने तो ताबडतोब मान्य केला.

पण भाऊबीज तोंडावर आली होती. ताई, दाजी, त्यांच्या ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्री, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या माई, आणि कॉलेजात जाणारा भाचा अशी चौकडी त्याच गाडीने पुण्याला निघाली. खंडाळ्याच्या घाटात वाहनांची ही रांग! २०२० साली पाडला तो अमृतांजन पूल जिथे होता, त्याच्या अलीकडे गाडी मुंगीच्या पावलाने चढत असताना उष्णतेचा काटा उठला तो थेट लाल खुणेपर्यंत. बॉनेटच्या फटीतून वाफ आली, आणि तिला एक गोडसर, पाकासारखा वास होता. दाजींनी गाडी कडेला घेतली. भाचा चपळ. त्याने बॉनेट उघडले, हाताला रुमाल गुंडाळला आणि बाटलीच्या झाकणाला हात घातला. ताई अशी किंचाळली म्हणे की मागच्या गाडीतली माणसे खाली उतरली. पोराने हात मागे घेतला.

इथे अंमळ थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. चुलीवरचे उघडे पाणी शंभर अंशाला उकळते. गाडीतले पाणी झाकणाने दाबून ठेवलेले असते आणि त्यात ग्लायकोल मिसळलेले असते, म्हणून ते १२० अंशांच्या पुढे गेले तरी उकळी न फुटता तसेच दबा धरून बसते. झाकण फिरवले की दाब सुटतो, आणि ते सगळे एकदम उकळून चेहऱ्यावर उडते. कुकरची शिटी बसल्याशिवाय झाकण न उघडणारी आपली गृहिणी या बाबतीत मोटारवाल्या पुरुषांपेक्षा शहाणी असते. रुमालाने काही होत नाही. अर्धा-पाऊण तास थांबावे, रबरी होज हाताने दाबून पाहावी, ती मऊ नि कोमट लागली तरच झाकण हळूहळू सैल करावे.

मंडळी तासभर थांबली. मग पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या कूलंटच्या बाटलीत रिकाम्या झाल्या. दाजींनी एक जुनी युक्ती केली: वातानुकूलन बंद आणि हीटर पूर्ण चालू. हीटर म्हणजे गाडीतला दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो आतल्या माणसांवर टाकतो. "ऐन ऑक्टोबरात शेगडी कशाला रे पेटवलीस?" असे माई लोणावळ्यापर्यंत विचारीत होत्या. पण गाडी पोचली.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ती नाना पेठेजवळच्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींकडे नेली. सत्तरीचा हा गृहस्थ बोलतो कमी. त्याने इंजिन थंड होऊ दिले, बाटलीच्या तोंडाला दाब देण्याचा हातपंप लावला, पाच-सहा दट्टे मारले आणि विडी न पेटवता तोंडात धरून काटा पाहत बसला. काटा हळूहळू उतरू लागला. मग बॅटरी आणि दाढीचा छोटा आरसा घेऊन तो इंजिनाच्या मागच्या अंगाला वाकला. "या साहेब, बघा तुमचं हेड गॅस्केट," असे म्हणून त्याने आरसा आमच्यापुढे धरला. टर्बोला पाणी नेणारी करंगळीएवढी लोखंडी नळी तपकिरी, पोपडे धरलेली दिसत होती. जिथे ती पट्टीने इंजिनाला आवळली होती, तिथे गुलाबीसर पांढरी पुटे आणि त्यांच्यामधून सुईच्या टोकाएवढा एक बुडबुडा.

टर्बो म्हणजे काय, हे घरातल्या इतर मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. एका दांडीच्या दोन टोकांना दोन छोटे पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका पंख्याला फिरवतो, आणि दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून जोर जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियरने या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले. दांडी मिनिटाला लाखावर फेरे घेते, आणि पेट्रोल गाडीत धुराकडची बाजू आठ-नऊशे अंशांपर्यंत तापते. दांडी ज्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगते ते तेल जळू नये, म्हणून पुढे गाड्यांच्या टर्बोभोवती पाणी खेळवण्याची पद्धत आली. आमची नळी ती हीच.

आता पाणी कुठे जात होते, याचे कोडे सुटले. गाडी चालू असताना दाब असतो, थेंब झिरपतो, तो तापलेल्या टर्बोवर पडतो नि जागच्या जागी त्याची वाफ होते. गाडी थंड झाली की दाब जातो आणि झिरपणेही जवळजवळ थांबते. फरशी कोरडी राहील नाही तर काय! उरतो तो वास आणि ती गुलाबी पुटे.

नळी गंजते ती दोन्ही अंगांनी. बाहेरून माहीमची खारी हवा, पावसाळ्यातला चिखल आणि रोजचे तापणे-निवणे. पट्टीखालच्या फटीत चिखल अडकतो, ओल वाळत नाही, आणि मिठाचा अंश लोखंड खात राहतो. म्हणून भोक बहुधा पट्टीखालीच पडते, उघड्या भागाला नव्हे. आतून गंजते ते आपल्या हाताने. कूलंटमधल्या ग्लायकोलसोबत गंज रोखणारी द्रव्ये असतात. दाजींनी दोन वर्षे दर आठवड्याला सोसायटीच्या बोअरिंगचे पाणी ओतून ती इतकी पातळ केली होती की बाटलीत नावाला रंग उरला होता. त्यात बोअरिंगच्या पाण्यातले क्षार. निम्मे कूलंट आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी हा हिशेब पुष्कळ गाड्यांना चालतो, पण गाडीच्या पुस्तकात लिहिले असेल तेच खरे. रंग पाहून दोन जातींची कूलंटे एकत्र करू नयेत. रंग हा कंपनीच्या मर्जीचा मामला आहे, आणि न जुळणारी द्रव्ये मिसळली तर कधी कधी त्यांचा आतमध्ये चक्क लगदा होतो. शिवाय हे द्रव्य चवीला गोड आणि विषारी असते. सांडले तर धुऊन काढावे, उघड्या भांड्यात ठेवू नये. घरात लहान मूल किंवा कुत्रे असेल तर दुप्पट सांभाळावे.

निदान झाले, पण भांडण पुढेच होते. मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा चटपटीत. तो म्हणाला, "नळी मिळायला वेळ लागेल. दोन्ही होज एकमेकींना जोडून टाकतो. टर्बोला तेल आहे की!" अर्ध्या तासाचे काम आणि फुटकळ खर्च. दाजींचे डोळे चमकले. मातोश्रींना परवा परत न्यायचे होते. ताई म्हणाली, "करून टाका एकदाचे."

मी आडवा आलो. घरात जावयाला आडवे जाणे सोपे नसते, तेही भाऊबीजेला. पण गाडी चालू असते तोवर तेल वाहते आणि उष्णता घेऊन जाते. खरी कसोटी गाडी बंद केल्यावर. तेलाचा पंप थांबतो, टर्बो मात्र लालबुंद. तेव्हा पाणीच आपल्या गरम-थंडपणाने हळूहळू फिरून, काही गाड्यांत छोट्या विजेच्या पंपाने, ती धग बाहेर काढते. पाणी तोडले की दांडीभोवती अडकलेल्या तेलाचा कोळसा होतो. एक-दोन वेळा निभावेल, पण खंडाळा चढून लोणावळ्यात चहाला गाडी बंद करणाऱ्याने हे करू नये. दाजी म्हणाले, "तू लेखक आहेस, मेकॅनिक नाहीस." मी मिस्त्रींकडे पाहिले. त्याने विडी तोंडातून काढली. "पोरगं सांगतंय तसं मी माझ्या गाडीला करणार नाही," एवढेच बोलला. दाजी गप्प झाले. माईंना भाच्याने आगगाडीने नेले, आणि त्या खिडकीपाशी बसून मोठ्या खुशीत गेल्या.

यावरून अमेरिकेतली एक हकिगत आठवते. १९६२ साली ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बोची मोटार काढली. तिला पाणी आणि मद्यार्क यांचे मिश्रण एका वेगळ्या बाटलीत भरून द्यावे लागे. मालक ते भरायला विसरत. बाटली रिकामी झाली की गाडीचा जोर आपोआप कमी होई, आणि लोक तक्रार घेऊन जात. दोन वर्षांत गाडी बंद पडली. पुढे पुष्कळ मालकांनी टर्बोच काढून टाकला. बाटलीत काय आहे हे न पाहण्याची सवय अशी जुनी आहे.

प्रत्यक्ष कामाला दोन दिवस लागले. नळीच्या टोकांचे पोकळ बोल्ट गंजून टर्बोच्या अंगाशी एकजीव झाले होते. घाईने पान्हा मारला असता तर बोल्ट आत तुटला असता आणि सगळा टर्बो उतरवावा लागला असता. मिस्त्रीने गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर तसेच ठेवले. सकाळी थोडे सोडवायचे, थोडे परत आवळायचे, पुन्हा तेल, असे दोन तास चालले. पट्टी निघाली तेव्हा नळी पापडासारखी बोटाने दबली.

नवी नळी मुंबई-पुण्यात कुठे मिळेना. एका भंगारवाल्याकडे तसल्याच गाडीची जुनी होती, पण ती आपल्या नळीची जुळी बहीण. वीस वर्षे तीही गंजतच होती. शेवटी एका लेथवाल्याने जुनी नळी नमुन्याला घेऊन स्टेनलेस स्टीलची तशीच वाकवून दिली. तांब्याची का नको, असे मी विचारले. तांबे गंजत नाही खरे, पण इंजिनाच्या थरथरीने कडक होऊन चिरते, असे तो म्हणाला, आणि ते खरे आहे. परतीची नळीही त्याच खेपेस बदलली, कारण पाणी आणणारी गेली तर नेणारी फार मागे नसते. बोल्टाखालचे तांब्याचे वायसर नवे घातले. जुने एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत, आणि एवढ्या खटाटोपानंतर दोन वायसरांपायी गळती लावून घेणारे लोक मी पाहिले आहेत. मग सगळे पाणी काढून आतला भाग डिस्टिल्ड पाण्याने धुतला, नवे कूलंट भरले आणि अडकलेली हवा निघून जाईपर्यंत इंजिन चालू ठेवले. गळती बुजवणारी जी पूड बाजारात मिळते ती दाजींनी आधीच विकत घेऊन ठेवली होती. ती मिस्त्रीने परत खिशात घालायला लावली. रेडिएटरच्या चिमुकल्या भोकाला ती कधी उपयोगी पडतेही, पण टर्बोच्या अरुंद वाटा बुजवायला तिला वेळ लागत नाही.

खर्च इंजिन उघडण्याच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आला. दाजींनी लेथवाल्याचे पैसे देताना घासाघीस केली नाही, यावरून काय ते समजावे.

सुट्टीत निघण्यापूर्वी थंड गाडीचे बॉनेट उघडून बॅटरीच्या उजेडात मागच्या अंगाच्या नळ्या एकदा पाहा. बाटलीवर पेन्सिलीने पातळीची रेघ ओढा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा. काट्यावर फार विसंबू नका. पुष्कळ नव्या काट्यांना मध्यावर बसून राहण्याची सवय असते, आणि पाणी फार उतरले की मापणारा भागच कोरडा पडून काटा खाली येतो. घाट चढून आल्यावर मिनिट-दोन मिनिटे इंजिन तसेच चालू ठेवून मग बंद करा.

दाजींचा परवा फोन आला होता. वर्ष झाले, बाटलीतली पातळी पेन्सिलीच्या रेघेवरच आहे. मात्र डाव्या बाजूची मागची काच खाली गेली की वर येत नाही, आणि माई नेमक्या त्याच बाजूला बसतात. त्याविषयी पुढे केव्हातरी.