माहुलचं आंदोलन : आजारी माणसाने फुटपाथवर बसायचं कसं?

प्रदूषणाविरोधातल्या आंदोलनाची सर्वांत जास्त गरज ज्यांना असते, त्यांनाच तिथे तासन्‌तास बसणं अवघड जातं. मुंबईतलं माहुल हे याचं ठळक उदाहरण.

नेमकं काय घडलं?

तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून तिथल्या कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलमध्ये घरं देण्यात आली. शेजारीच तेलशुद्धीकरण कारखाने. इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. श्वसनाचे आणि त्वचेचे आजार वाढल्याची तक्रार करत रहिवाशांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये विद्याविहारच्या फुटपाथवर मुक्काम ठोकला. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला : माहुलला जायचं नसलेल्यांना दरमहा १५ हजार रुपये भाडं द्या.

अडचण कुठे आहे?

दम्याच्या रुग्णाला रस्त्यावरचा धूर बाधतो. मधुमेह असलेल्याला जेवणाची वेळ चुकवून चालत नाही. जवळ शौचालय नसेल, तर अनेक जण पाणी पिणंच टाळतात. हे लोक घरी थांबले की गर्दी कमी दिसते आणि 'विरोध फारसा नाही' असा अर्थ काढला जातो.

मग पर्याय काय?

ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, तिथे २००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार लेखी हरकतही नोंदवता येते. आंदोलकांनीही पाळ्या लावल्या, सावली, पाणी आणि शौचालयाची सोय पाहिली, तर आजारी माणूस तासभर तरी येऊ शकतो. ते जमलं नाही, तरी त्याची सही आणि त्याचं म्हणणं निवेदनात असायलाच हवं.