फीचा काटा आधी पाहा



उसाचे बिल आणि बारावीचा निकाल आपल्या घरात थोड्याफार अंतराने येतात. मग पोरांना पुढे कुठे घालायचे, याची चर्चा सुरू होते. अलीकडे त्या चर्चेत ‘खाजगी विद्यापीठ’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने निघाले की महिरावणीला संदीप विद्यापीठ लागते. राज्याच्या २०१५ सालच्या कायद्याने ते स्थापन झाले. अभियांत्रिकी, व्यवस्थापन, विधी असे अनेक अभ्यासक्रम एकाच आवारात आहेत. पुण्या-मुंबईला न जाता शिकता येते, ही सोय लहान नाही.

परंतु विद्यापीठ आणि महाविद्यालय यांतला फरक आपण नीट समजून घेत नाही. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ पासूनचा, तर काकासाहेब वाघांच्या नावाची शिक्षणसंस्था १९७० पासूनची. अशा संस्थांच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत पदवी पुणे विद्यापीठाची मिळते आणि फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. खाजगी विद्यापीठाचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी सारे त्याचे स्वतःचे. ती पदवी कायदेशीर असते, त्याबद्दल शंका नको. फरक पडतो तो खिशाला.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ओबीसी, एसईबीसी व आर्थिक दुर्बल घटकांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. त्याच निर्णयात खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे मात्र वगळली. म्हणजे पोरगी तीच, अभ्यासक्रमही तोच. पण एका दारात माफी आणि दुसऱ्या दारात पुरते बिल!

सरकारी पैसा खाजगी विद्यापीठाला का द्यावा, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण मग शासनाने त्यांच्या फीला मर्यादा घालावी आणि सवलत पोरीच्या घरची स्थिती पाहून द्यावी, विद्यापीठाची पाटी पाहून नव्हे. सभासदांनी ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींपुढे ठेवावी.

तोवर आपण सावध राहावे. खाजगी विद्यापीठात घालूच नका, असे आमचे म्हणणे नाही. मात्र अर्ज भरण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा : सगळ्या वर्षांची मिळून फी किती, यंदा कोणती सवलत लागू, आणि प्रवेश रद्द केला तर परत काय मिळणार. काट्यावरची पावती पाहिल्याशिवाय आपण गाडी हलवत नाही. मग कर्ज काढून फी भरताना कागद मागायला लाजायचे कशाला?