खोली गेली

आम्ही कोकणातले मुसलमान. आमच्यातल्या कित्येकांची आडनावे गावावरून पडलेली, शेवटी ‘कर’. त्यामुळे रत्नागिरीत मारुती मंदिराच्या बाजूला खोलीसाठी फोन केला की पहिली पाच मिनिटे छान जातात. भाडे ठरते, डिपॉझिट ठरते, पाणी किती वेळ येते तेही कळते. मग घरमालक विचारतो, ‘पूर्ण नाव?’ आम्ही सांगतो. संध्याकाळी निरोप येतो, खोली गेली. आठवड्याने पाहावे तर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तिथेच.

भाडेकरूची चौकशी करू नये, असे आमचे म्हणणे नाही. नोकरी पाहा, ओळखपत्र घ्या, आधीच्या घरमालकाला विचारा, आदेश असेल तर पोलीस ठाण्यात कळवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चे कलम 55 सांगते की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची; चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंमत अशी की आमचे नाव ऐकून कायदा-सुव्यवस्थेची काळजी वाटणारेच कित्येकदा करार साध्या कागदावर उरकतात!

धर्म पाहून नकार देऊ नका, असे मात्र हा कायदा म्हणत नाही. संविधानाचे कलम 15 दुकाने, उपाहारगृहे, विहिरी यांची नावे घेते, भाड्याच्या घराचे घेत नाही. सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा एका गृहनिर्माण सोसायटीचा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरवला. मुसलमानांना हवे तिथे घर मिळत नाही, ही तक्रार 2006 च्या सच्चर अहवालात नोंदली गेली. नोंदलीच गेली.

सप्टेंबर 2023 मध्ये मुलुंडला एका बाईंना मराठी म्हणून जागा नाकारली, तेव्हा महाराष्ट्र पेटून उठला. आम्हीही चिडलो, आम्हीही मराठीच. मग आमच्या ‘खोली गेली’वर कोणी का चिडत नाही? नकाराचे कारण लेखी द्या आणि धर्म, जात, भाषा हे कारण चालणार नाही, एवढी दुरुस्ती कायद्यात का होत नाही?

पण ही मागणी करण्याआधी आपल्या मोहल्ल्यात डोकावू या. आखातातल्या कमाईवर चढवलेले मजले कुलपात आहेत. मिरकरवाड्याच्या बोटीवरचा नेपाळी खलाशी खोली मागायला आला की आपण काय सांगतो? बिहारहून आलेला कारागीर तर कलमा पढणारा. त्यालाही आधी जमात विचारतो. शेजारच्या चाचांनी परवाच एकाला परत पाठवले. आम्ही म्हणालो, ‘चाचा, खोली रिकामी आहे ना?’

‘आहे रे. पण तो आपल्यातला नाही.’

चाचांच्या दारावरची पाटी अजून तशीच आहे.