गूळ घातला तर हातभट्टी, मध घातला तर छंद?

मंडळी, आज जरा आंबट लिहितोय. पटलं नाही तर खाली भांडा.

माझ्या ओळखीतल्या चार घरांत सध्या सायडर आंबतंय. मार्केट यार्डातून आणलेली सफरचंदं, काचेचा बुधला, ऑनलाइन मागवलेलं यीस्ट. आणि चर्चा कसली? तर साखर कोणती घालायची! पांढरी साखर घातली की कडकपणा वाढतो, पण चव पातळ होते. मध घातला तर सुवास छान, पण आंबायला वेळ खातो. गुळानं रंग येतो, थोडा खारट खमंगपणा येतो. (पिवळाधमक गूळ घेऊ नका, तो बऱ्याचदा हायड्रॉस मारलेला असतो. काळपटच बरा.)

यीस्टला या चर्चेचं सोयरसुतक नाही. लिटरमागे १७ ग्रॅमच्या आसपास साखर वाढली की अल्कोहोल टक्काभर वाढतं, मग ती साखर कुठल्याही डब्यातली असो. सफरचंदाच्या रसात मुळातच लिटरला शंभरेक ग्रॅम असते. म्हणजे वरून काही न घालताही ५-६ टक्के झालेच.

आता दुसरी बाजू. वीस वर्षं क्राइमच्या बातम्या लिहितोय. पोलिसांच्या प्रेसनोटमधले शब्द पाठ झालेत : 'गूळमिश्रित कच्चे रसायन जागीच नष्ट'. हे रसायन म्हणजे काय हो? काळा गूळ, पाणी, नवसागर, आंबायला ठेवलेलं. गाळायच्या आधी बॅरलमध्ये जे चालतं तेच बाल्कनीतल्या बुधल्यात चालतं. तिथं ते रसायन, इथं फर्मेंटेशन!

कायदा दोघांना एकच आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा, कलम ६५. परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा, (फ) खाली तिचं साहित्य बाळगणंही गुन्हा. सफरचंद हिमाचलचं असेल तर माफ, असं त्यात कुठं नाही. पण सोसायटीतल्या बुधल्यावर धाड पडल्याची एकही बातमी मी आजवर लिहिलेली नाही. नदीकाठच्या बॅरलच्या मोजता येणार नाहीत इतक्या.

लगेच कुणीतरी मालवणी काढेल. काढाच. २०१५ ला तिथं शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉलनं. गुळानं नव्हे. विकण्यासाठी दारूत विष कालवणाऱ्याची वकिली मी करत नाहीये. उलट म्हणतोय की रेघ तिथंच मारा : गाळणं आणि विकणं. सायडरमध्ये खरा धोका आहे तो आंबणं पुरतं थांबायच्या आत साखर घालून बाटली घट्ट बुचाची. ती फुटते, काचा डोळ्यात जातात. हे कुणी मोकळेपणानं सांगत नाही, कारण मुळात सगळंच चोरून.

ब्रिटननं घरगुती बिअरचा परवाना १९६३ मध्येच काढून टाकला. अमेरिकेत एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे ३८० लिटरच्या आसपास वाइन किंवा बिअर घरी करता येते, विकायची नाही. आपल्याकडे जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तो शेतकऱ्याच्या नावानं. मग त्याच शेतकऱ्यानं झाडाखाली सडणारी जांभळं, करवंदं गूळ घालून घरच्यापुरती आंबवली तर तो आरोपी का?

पुण्यातले आमदार ही पोस्ट वाचत असतील तर पुढच्या अधिवेशनात एवढंच विचारा : न गाळलेलं, न विकलेलं, घरच्यापुरतं पेय वर्षाला किती लिटर चालेल? आकडा द्या. आणि तो बाणेरच्या फ्लॅटला आणि नदीकाठच्या झोपडीला एकच असू द्या.