डेम्प्सी विरुद्ध अली: आधी सांगा, नियम कोणाचे?

जॅक डेम्प्सी आणि मोहम्मद अली एकाच रिंगमध्ये उतरले असते तर? बॉक्सिंगवेड्यांचा हा लाडका वाद. माझं म्हणणं, आधी नियम ठरवा, मग पैज लावा.

1919 साली टोलेडोत डेम्प्सीने साडेसहा फुटी जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. तेव्हा पडलेल्याच्या शेजारीच उभं राहून, तो उठताक्षणी पुन्हा हाणलं तरी चालायचं. 1927 मध्ये शिकागोत, सातव्या फेरीत, त्याने जीन टनीला पाडलं आणि जुन्या सवयीने तिथंच थांबला. पण आता नियम होता: आधी लांबच्या कोपऱ्यात जा, मगच रेफरी आकडे मोजणार. टनीला काही सेकंद जास्तीचे मिळाले. तो उठला आणि गुणांवर जिंकला.

म्हणून 1919 च्या नियमांत माझे पैसे डेम्प्सीवर, नव्या नियमांत अलीवर. (बिचाऱ्या विलार्डला कुणी विचारतच नाही!)

तुम्हीही नवं दुकान टाकताना बाजारातल्या जुन्या शेठजींच्या गल्ल्याशी स्वतःला मोजता ना? त्यांच्यासमोर ऑनलाइनवाले नव्हते. आणि हो, त्यांची अर्धी कमाई उधारीच्या वहीत अडकायची, तुमच्याकडे क्यूआर कोड आहे.