प्रशासक म्हणजे लोकप्रतिनिधी नव्हे

बोदवड नगरपंचायतीची निवडणूक डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत पार पडली. शहराला नगरसेवक मिळाले. तालुक्यातील खेड्यांचे नशीब मात्र वेगळे. मार्च २०२२ मध्ये जळगाव जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, प्रशासक आले आणि २०२५ सरले तरी निवडणूक झाली नाही!

कारण दिले गेले ते ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादाचे. वाद खरा होता. पण आघाडी असो वा महायुती, निवडणुकीची घाई कोणालाच दिसली नाही, हेही तितकेच खरे. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे २४३-ई हे कलम सांगते. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करण्यास बजावावे लागले. पुढे तीही मुदत वाढवून घेण्यात आली.

प्रशासक कर्तबगार असेलही. परंतु अंदाजपत्रक मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच आणि खर्च करणाराही तोच असेल, तर शाळेच्या गळक्या छपराचा जाब सभागृहात विचारायचा कोणी? अधिकारी मंत्रालयाला उत्तर देतो, सदस्य गावाला. हा भेद पुसला की लोकशाहीचे केवळ कलेवर उरते.

आणीबाणीत, १९७६ मध्ये, लोकसभेची मुदत वाढवली गेली, तेव्हा त्याविरुद्ध ज्यांनी तुरुंगवास पत्करला, त्यांच्या वारसांना तरी हे निराळे सांगावे लागू नये. सत्ता आपल्यांची असो वा परक्यांची, मुदत म्हणजे मुदतच!