काट्यावरचे निदान

टोकावड्याची एखादी धष्टपुष्ट शेतमजूर स्त्री रोज बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून दुखरा गुडघा दाखवावयास जाते. रक्तदाब, साखर यथायोग्य. तरी गुडघ्याला हात न लावताच निदान होते : 'वजन घटवा!' वजनाचा भार गुडघ्यावर पडतो, हे खरे. पण भातलावणीतील वाकण्याची चौकशी कोणी करावयाची?

उंची-वजनाचे गुणोत्तर एकोणिसाव्या शतकात केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने मांडले ते समूहाच्या सरासरीसाठी, रोग्याच्या निदानासाठी नव्हे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांचा निर्देशांक एकच, २२.३, चरबी मात्र २१.२ आणि ९.१ टक्के, हे २००४ साली प्रसिद्ध झाले.

दोष देहावर ढकलला की श्रमाची परिस्थिती निर्दोष सुटते. म्हणून कार्यकर्त्यांनी मागणी करावी : आधी तपासणी, मग उपदेश!